गाडी पुसायचे मायक्रोफायबर टॉवेल धुतल्यावर कडक का होतात? आणि गाडीचे पॉलिशिंग पॅड वॉशिंग मशीनमध्ये टाकावेत का?

टॉवेल कडक होण्यामागे बहुतेक वेळा फॅब्रिक कंडिशनर, जास्त डिटर्जंट किंवा बोअरचं जड पाणी असतं. कंडिशनरचा थर धाग्यांवर बसला की टॉवेल पाणी शोषत नाही, काचेवर ओघळ उठतात. कंडिशनर आधी बंद करा. लिक्विड डिटर्जंट नेहमीच्या निम्मं, पाणी फार तर ४० अंश, आणि शेवटच्या खळबळणीत अर्धा कप पांढरा व्हिनेगर. ब्लीच मात्र नको. व्हिनेगरसोबत तर मुळीच नको, विषारी वायू सुटतो. सुती कपड्यांत टाकलात तर त्यांचा तूस मायक्रोफायबर धरून ठेवतं. चाकांचे टॉवेल कायम वेगळे. त्यातली ब्रेकची धूळ पुढे रंगावर चरे पाडते.

फोमचे पॅड हातानेच धुवा, तेही काम संपताच. पॉलिश आत वाळलं की निघणं कठीण. कोमट पाण्यात पातळ केलेला ऑल-पर्पज क्लीनर लावा, अंगठ्याने दाबत फेस काढा, पिळू नका. वाळवताना फोम खाली, वेल्क्रो वर, सावलीत. उन्हाने किंवा ड्रायरने वेल्क्रोचा गोंद सुटतो, मग पॅड चालू पॉलिशिंग मशीनवरून उडतो.