बाटली आडवी ठेवा, पण फ्रिजच्या डोक्यावर नको

प्रश्न : ताई, तीन वर्षांपूर्वी भेट मिळालेली रेड वाइनची बाटली आम्ही उघडलीच नाही. ‘जितकी जुनी तितकी चांगली’ असं ऐकलं होतं, म्हणून स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर उभी करून ठेवली. परवा मोठ्या हौसेनं उघडायला गेलो, तर बूच अर्ध्यात मोडलं आणि चुरा आत पडला. वाइन तपकिरी झालेली, चव आंबूस. मुळात बाटलीच खराब होती की आमचं काही चुकलं? तळघर नसलेल्या माणसानं वाइन ठेवायची तरी कुठे?

उत्तर : चुकलं तुमचंच. पण ही चूक मीही केली आहे, म्हणून रागावण्याचा हक्क मला नाही. माझी बाटली फ्रिजच्या डोक्यावर होती. तिथं जागा रिकामी होती एवढंच कारण! दोन वर्षांनी खाली काढली तेव्हा गळ्यावरचं वेष्टण बोटांना चिकटलं. ते कापलं तर बूच काठाच्या वर तांदळाच्या दाण्याएवढं आलेलं, आणि त्याच्या एका बाजूनं तळापासून माथ्यापर्यंत लाल ओघळ सुकलेला. ग्लासात ओतली तर रंग विटकरी आणि वास फार वेळ उकळलेल्या फळांचा. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो आणि ती वर चढते. मी वाइन दोन वर्षं मंद आचेवर ठेवली होती म्हणायची.

स्वयंपाकघरातली वरची फळी याच जातीची. गरम हवा छताकडे जाते, रात्री सगळं निवतं, सकाळी पुन्हा तापतं. तापली की वाइन फुगते आणि बुचाला बाहेर रेटते. निवली की आक्रसते आणि बुचाच्या कडेनं थोडी हवा आत ओढते. हे रोज, वर्षानुवर्षं. त्यात तुमची बाटली उभी. बुचाला वाइन लागतच नव्हती, म्हणून ते वाळलं, आकसलं, ठिसूळ झालं. मोडलं ते त्यामुळेच. बाटली आडवी ठेवायची ती बूच ओलं राहावं म्हणून. स्क्रू कॅपची बाटली उभी ठेवा नाहीतर आडवी, तिला फरक पडत नाही.

तापमानाचा आदर्श आकडा १२ ते १४ अंश सेल्सिअस. पण या आकड्यानं घाबरून जाऊ नका. मला विचाराल तर कायम २० अंशांवर राहणारं कपाट परवडलं, रोज १५ आणि २८ च्या मध्ये झोके घेणारी फळी नको. घरातली अशी जागा शोधायला मी एक साधा उद्योग केला होता. पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून ठेवायचा आणि आठवडाभर सकाळ-दुपार वाचायचा. पाणी एवढ्यासाठी की हवा क्षणात तापते-निवते, पाणी बाटलीसारखं सावकाश. फळीवर दिवसाकाठी सात-आठ अंशांचा फरक निघाला, आतल्या खोलीतल्या कपाटाच्या तळाशी जेमतेम दोन. तेव्हापासून माझ्या बाटल्या तिथं, जुन्या चादरींच्या शेजारी आडव्या पडलेल्या असतात.

कपाटाचा आणखी एक फायदा म्हणजे अंधार. विशेषतः पारदर्शक बाटलीतल्या व्हाइट आणि रोझे (गुलाबी) वाइनवर उजेड पडत राहिला तर तिच्यातल्या रायबोफ्लेविनमुळे (म्हणजे बी-२ जीवनसत्त्वामुळे) गंधकयुक्त संयुगं तयार होतात आणि उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. ऊन तर नकोच, ट्यूबलाइटही पुरते. हादरे बसत असतील अशी जागाही टाळावी.

आणि ते ‘जितकी जुनी तितकी चांगली’? बाजारातल्या बहुतेक वाइन एक-दोन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेल्या असतात. भरपूर टॅनिन (जिभेला तुरट लागणारा घटक), आम्लता किंवा साखर असलेल्या थोड्याच वाइन मुरून सुधारतात, बाकीच्या नुसत्या म्हाताऱ्या होतात. तुमची बाटली यातली कुठली होती हे आता कळायला मार्ग नाही.

प्रश्न : आम्ही दोघंच, एका वेळी बाटली संपत नाही. उरलेली किती दिवस टिकते? आणि न उघडलेल्या बाटल्या सरळ फ्रिजमध्येच ठेवल्या तर?

उत्तर : न उघडलेल्या बाटल्या दोन-चार आठवडे खुशाल ठेवा. वर्ष-दोन वर्षं नको, कारण फ्रिजमधली हवा कोरडी असते आणि बूच सुकतं.

उघडलेली बाटली मात्र फ्रिजमध्येच, रेड असली तरी. पिण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढली की झालं. व्हाइट, रोझे, रेड तीन ते पाच दिवस बऱ्या राहतात, पोर्टसारखी जास्त अल्कोहोलची गोड वाइन काही आठवडे. खरा शत्रू बाटलीतल्या रिकाम्या जागेतली हवा. सुरुवातीला कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येतो, तो ॲसिटाल्डिहाइडचा, म्हणजे हवा लागून अल्कोहोलपासून बनणाऱ्या संयुगाचा. मग ॲसेटिक ॲसिड बनवणारे जिवाणू हात-पाय पसरतात आणि व्हिनेगर, नेलपॉलिश असे वास सुरू होतात. लुई पाश्चरनं वाइनच्या दुखण्यांवर १८६६ साली अख्खं पुस्तक लिहिलं, त्यातही हे जिवाणू आहेत.

माझा उपाय बिनखर्चाचा आहे. ३७५ मिलिलिटरची रिकामी बाटली धुऊन, वाळवून ठेवा. मोठी बाटली उघडल्या उघडल्या, पहिला ग्लास भरायच्याही आधी, ही छोटी गळ्यापर्यंत काठोकाठ भरून बंद करा. हवेला आत जागाच उरत नाही. लोक हेच जेवण झाल्यावर, तळाशी राहिलेल्या वाइनचं करतात, तोवर ती दोन तास हवा खाऊन बसलेली असते.

फसफसणाऱ्या वाइनला तिचं पकड असलेलं झाकणच हवं, तेही दोन-तीन दिवसांपुरतं. गळ्यात चमचा अडकवून बुडबुडे टिकतात ही अफवा आहे. मीही अडकवून पाहिलाय!

प्रश्न : बुचाच्या खालच्या बाजूला काचेच्या चुऱ्यासारखे चकचकीत कण दिसले. ठेवण्यात चूक झाली का?

उत्तर : नाही. वाइनमधल्या टार्टारिक आम्लाचं पोटॅशियमबरोबर मीठ होतं, ते गारव्यात खाली बसतं. निरुपद्रवी आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला असता तर गोष्ट वेगळी. तो टीसीए नावाच्या संयुगाचा, बहुतेक वेळा बुचातूनच आलेला, त्यात ठेवणाऱ्याचा दोष नसतो. शंका राहिली तर कण उकळत्या पाण्यात टाकून ढवळा. विरघळले तर ते हेच मीठ, म्हणजे टार्टरेट. नाही विरघळले, तर ती बाटली पिऊ नका.