दोन इम्प्लांटवरच्या कवळीचं माप स्कॅनरने घ्यावं की पुट्टीने?

तुम्ही विचारलंय की वडील ६८ वर्षांचे आहेत, खालच्या जबड्यात एकही दात नाही, पुढे दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) बसवून झालेत आणि आता कवळीला अटॅचमेंट, म्हणजे इम्प्लांटवर अडकणाऱ्या पकडी, लावायच्या आहेत. सोलापुरातले डॉक्टर पुट्टीने, म्हणजे ट्रेमध्ये मऊ मटेरियल भरून तोंडात दाबून, माप घेतो म्हणतात, नातेवाईक म्हणतात स्कॅनरसाठी पुण्याला न्या. मी सोलापुरात २१ वर्षं डेंटल लॅबचं काम करतोय. एवढ्यासाठी त्यांना पुण्याला नेऊ नका.

स्कॅनर वाईट आहे असं मी म्हणत नाही. एका दाताची कॅप असेल, तीन दातांचा ब्रिज असेल तर मला स्कॅनच आवडतो. फाइल लगेच हातात पडते, मापात ओतायचा स्टोन (मॉडेलचं प्लास्टर) फुगायची भीती नाही, ट्रे तोंडात गेला की उमासे येणाऱ्या पेशंटची सुटका होते. स्कॅनर एकामागून एक फोटो काढतो आणि दाताच्या कडा, खाचा बघून ते एकमेकांना जोडत जातो. दात नसलेली खालची हिरडी म्हणजे लाळेने चकाकणारी गुळगुळीत पट्टी. जोडायला खूण कुठली सापडणार? त्यात जीभ आडवी येते, जिभेखालचा भाग सारखा वरखाली होतो. दोन इम्प्लांटमधला तुकडा छान येतो, पण मागे दाढांच्या जागेकडे सरकत गेलं की चूक साठत जाते.

शिवाय ही कवळी मागे हिरडीवरच टेकते. चावताना हिरडी दबते, हाडातला इम्प्लांट जागचा हलत नाही. गाल आणि जीभ हलताना कवळीची कड कुठवर राहू शकते, हे स्कॅनमध्ये उमटत नाही. जुन्या पद्धतीत डॉक्टर त्या पेशंटपुरता वेगळा ट्रे करून घेतात, ग्रीन स्टिक (मेणासारखी मऊ होणारी हिरवी कांडी) दिव्यावर मऊ करून कडेला लावतात आणि तोंडात ठेवून सांगतात, "जीभ बाहेर काढा, डावीकडे न्या, उजवीकडे न्या, ओठ आवळा." तो ट्रे माझ्याकडे आला की मी आधी त्या हिरव्या कडेवरून बोट फिरवतो. कड गोलसर, भरीव लागली तर माप जीव लावून घेतलेलं असतं. सुरीसारखी पातळ लागली तर मी डॉक्टरांना फोन करतो.

ट्रेच्या मापातही गफलत होते, पण ती बहुतेक वेळा मटेरियलमुळे. एकदा मे महिन्यात तालुक्याच्या गावाहून एसटीने एक अल्जिनेटचं (पाण्यात कालवायच्या पावडरीचं) माप माझ्याकडे आलं. ओल्या कापडात गुंडाळलेलं नव्हतं, आणि बाहेर सोलापूरचं ऊन. अल्जिनेट पाणी सोडतं आणि आकसतं. मी तरीही त्यात स्टोन ओतला, ही चूक माझी. मॉडेलवर कवळी घट्ट बसली, आजींच्या तोंडात डगमगली. सगळं पुन्हा करावं लागलं आणि त्या आजींना दोनदा हेलपाटा पडला, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून डॉक्टरांना एवढंच विचारा: शेवटचं माप अॅडिशन सिलिकॉनमध्ये घेणार ना? हे रबरासारखं घट्ट होणारं मटेरियल कित्येक दिवस आकार सोडत नाही. नंतर तेच माप लॅबमधल्या टेबल-स्कॅनरवर चढवून पुढचं काम कॉम्प्युटरवरही करता येतं.

तुमची खरी काळजी अटॅचमेंटची आहे, आणि तिची जागा पक्की होते ती थेट तोंडात. लोकेटर नावाची अटॅचमेंट असेल तर इम्प्लांटवर आधी पांढरी रिंग घालतात, म्हणजे अॅक्रिलिक (कवळीचं प्लास्टिक) खाली उतरून कवळी अडकत नाही. तिच्यावर धातूची टोपी. कवळीत त्या जागी खळगा करून थोडंसं कोल्ड क्योर, म्हणजे तोंडातच घट्ट होणारं प्लास्टिक, भरतात, कवळी बसवतात आणि वडिलांना हलकेच दात मिटायला सांगतात. इथे जोरात चावलं की हिरडी दबलेल्या अवस्थेतच टोपी चिकटते आणि नंतर कवळी उचलली जाते. माप कितीही भारी असलं तरी ही पाच-दहा मिनिटं चुकली की काम गेलं. हे काम डॉक्टरांनी आधी किती केलंय, ते मोकळेपणाने विचारा.

टोपीत शेवटी नायलॉनची चकती बसते. निळीची पकड दीड पौंडाची, गुलाबीची ३, पांढरीची ५. निळीपासून सुरुवात करायला सांगा, वडिलांना स्वतःच्या हाताने कवळी काढता आली पाहिजे. चकती झिजली की तेवढीच बदलतात.

कडक भाकरी पहिले काही दिवस आमटीत चुरून द्या. शेंगा चटणी खात असतील तर इम्प्लांटच्या डोक्यावरच्या खळग्यात तिचा चुरा घट्ट बसतो आणि कवळी पूर्ण खाली जात नाही. मग लोक अटॅचमेंट बिघडली म्हणून डॉक्टरांकडे पळतात. जेवणानंतर कवळी काढून मऊ ब्रशने तो खळगा साफ करायचा, आरशात बघून.