सोलापूरच्या द्राक्षाची एकाच जातीची वाइन स्पर्धेला पाठवायची आहे. थॉमसन किंवा सोनाका चालेल का? काय तपासावं?

बनते, पण स्पर्धेत टिकत नाही. या खायच्या द्राक्षांत आम्लता आणि सुगंध दोन्ही कमी. अकलूजजवळ मोटेवाडीत इटलीची सांजोवेझे पिकते. अशी वाइनची जात घ्या.

पहिला प्रश्न टक्केवारीचा. लेबलवर एकाच जातीचं नाव लिहायला युरोपीय संघात किमान ८५, अमेरिकेत ७५ टक्के तीच जात लागते. तुमच्या स्पर्धेची अट १०० टक्केही असू शकते, म्हणून नियमावली आधी वाचा.

आपल्याकडे खरं नुकसान उन्हाने होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पारा चढला की द्राक्षाला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल झपाट्याने जळतं, साखर पुढे पळते आणि पीएच वर जातो, म्हणजे आंबटपणा घटतो. मग वाइन गोडसर, बसकी लागते, रंग लवकर विटतो. नुसत्या ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापावर, तोडणी ठरवू नका! सोव्हिन्यो ब्लांक ही पांढरी जात २१-२२ ब्रिक्स आणि पीएच ३.३ च्या आसपास; लाल जात २३-२४ ब्रिक्स, पीएच ३.६ च्या आत. तोडणी पहाटेच, आणि क्रेट सावलीत.

बाटली भरल्यावर निदान सहा आठवडे थांबा, लगेच पाठवलेल्या वाइनचा वास दबलेला असतो. वाइन टिकवणारा मुक्त सल्फर डायऑक्साइड ३० पीपीएमच्या (दशलक्षात ३० भाग) आसपास असू द्या. एप्रिलमध्ये साध्या ट्रकने पाठवलीत तर बूच वर सरकतं आणि वाइन शिजल्यासारखी लागते, तेव्हा शीतवाहनच घ्या. परीक्षक बाटली झाकूनच चाखतात, त्यामुळे लेबलच्या देखणेपणाचा उपयोग नाही.

आणि हो, राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना असलेल्या वायनरीतूनच वाइन करून घ्या.