आईच्या घराला कॅमेरे कोणते बसवावेत?

प्रश्न : ताई, माझी आई नेरूळला सिडकोच्या रो हाउसमध्ये एकटी राहते. वय 74. दिवसा कामाला मावशी येतात, रात्री कोणी नसतं. मी घोडबंदर रोडला राहते, भाऊ पुण्यात. मध्यंतरी शेजारच्या घराचं मागचं दार कोणीतरी उचकटायचा प्रयत्न केला, तेव्हापासून आमचा जीव थाऱ्यावर नाही. भाऊ म्हणतो वाय-फायचे चार कॅमेरे ऑनलाइन मागवू आणि एक हॉलमध्ये लावू, म्हणजे आईवर आणि मावशींवरही लक्ष राहील. दुकानदार डीव्हीआरचा, म्हणजे रेकॉर्डर आणि वायरचे कॅमेरे असा सेट घ्या म्हणतो. गेट दारापासून पंधरा फुटांवर आहे, मागच्या दाराला लागून गल्ली आहे. काय घ्यावं?
— एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : ठाण्यात आणि नवी मुंबईत मी कॅमेरे बसवायचं काम करते. वयस्कर माणसांच्या घरी गेलं की पुन्हा पुन्हा एकच दिसतं : चित्र मुलांच्या मोबाइलवर, आणि घरात राहणाऱ्या माणसाला काहीच दिसत नाही. बेल वाजली की आई आपली पूर्वीसारखीच दार किलकिलं करून बघते. म्हणून पहिली गोष्ट, रेकॉर्डरला एक छोटा मॉनिटर जोडा आणि तो आई जिथे जास्त वेळ असतात तिथे ठेवा, बहुतेक स्वयंपाकघरात. गेटवर कोण आलंय हे त्यांना उठायच्या आधी दिसलं पाहिजे. तुमच्या दोघांच्या फोनवर नंतर बघू.

आता कॅमेरे. तुम्हाला तीन पुरतील. दुकानात मेगापिक्सेलचीच चर्चा होते, पण लेन्सचा आकडा आधी विचारा. सेटमध्ये सहसा 2.8 मिलिमीटरची लेन्स येते. ती साधारण 100 अंश बघते, म्हणजे पंधरा फुटांवर जवळजवळ अकरा मीटर रुंदीचं दृश्य. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे 1920 पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, असतात; मीटरला 175च्या आसपास मिळाले. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायला मीटरला 250 लागतात. माणूस आला हे कळेल, कोण आला हे कळणार नाही. त्यामुळे गेटवर रोखलेला कॅमेरा 6 मिलिमीटरचा घ्या; तो अंगणाच्या कडा सोडून देईल, पण चेहरा देईल. दाराच्या अगदी समोरचं बघायला 2.8चा दुसरा. तिसरा मागच्या दारावर, गल्लीच्या बाजूने आत येणारा माणूस समोरून दिसेल असा. आठ-साडेआठ फुटांच्या वर चढवू नका. छताला लावलेल्या कॅमेऱ्यात मी किती तरी टोप्या आणि टकलं पाहिली आहेत, चेहरा एकही नाही.

वाय-फायचा कॅमेरा वाईट नसतो. भाड्याच्या वन बीएचकेत मी स्वतः तोच सुचवते. तुमच्याकडे मात्र राउटर एका मजल्यावर, कॅमेरा मागच्या भिंतीबाहेर, मध्ये आरसीसीचे खांब. शिवाय रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्याच कार्डावर असेल तर चोर कॅमेऱ्याबरोबर पुरावाही घेऊन जातो. दुकानदाराचा डीव्हीआर चालेल, जुन्या वायरी असत्या तर तोच घ्या म्हटलं असतं. तुम्ही नव्यानेच करताय तर पीओईवाला एनव्हीआर, म्हणजे नेटवर्क केबलवरून चित्र घेणारा रेकॉर्डर घ्या. एकाच केबलमधून वीजही जाते आणि चित्रही येतं, 100 मीटरपर्यंत. याचा खरा फायदा लाइट गेल्यावर कळतो : एनव्हीआर एका यूपीएसवर ठेवला की तिन्ही कॅमेरे चालू राहतात. त्याच यूपीएसवर राउटरही लावा. एनव्हीआर टीव्हीशेजारी नको, वरच्या खोलीतल्या हवा लागेल अशा कपाटात ठेवा. तिथून स्वयंपाकघरातल्या मॉनिटरपर्यंतची वायर आधीच ओढून घ्या.

हार्ड डिस्क पाळतीच्या कामासाठी बनवलेलीच मागा, कॉम्प्युटरची जुनी काढून लावू देऊ नका. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला एच.265मध्ये (चित्र कमी जागेत साठवायची पद्धत) 2 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 2 मेगाबिट, धरले तर दिवसाला 21.6 जीबी जातात. तीन कॅमेऱ्यांचे 65. म्हणजे 2 टीबीत महिनाभर. घरफोडी लक्षात यायला उशीर होतो, विशेषतः आई गावी गेल्या असतील तर, म्हणून महिना हवाच.

नेरूळला खाडीची खारी हवा आहे. जोड उघडे राहिले की पिना हिरव्या पडतात. कॅमेरा आयपी67चा (धूळ-पाणी आत न जाणारा), प्रत्येक जोड बंद पीव्हीसी बॉक्समध्ये, आणि बॉक्समध्ये शिरण्याआधी केबलला खाली वळसा, म्हणजे पावसाचं पाणी तिथून गळून जाईल. इन्फ्रारेडच्या दिव्यांभोवती किडे येतात, मागोमाग कोळी जाळं विणतो आणि रात्री सगळं चित्र पांढरं दिसतं. मावशींना लांब झाडू फिरवायला सांगा.

पासवर्ड बसवणाऱ्याच्या हातात ठेवू नका. 2016 साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीचे मूळ पासवर्ड कोणी बदललेच नव्हते म्हणून. एप्रिल 2025पासून आपल्याकडे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे. मॉडेलचं एसटीक्यूसी, म्हणजे केंद्र सरकारच्या चाचणी संस्थेचं, प्रमाणपत्र दाखवा म्हणा. जो दाखवायला कुरकुरतो त्याच्याकडून घेऊ नका.

राहिला हॉलचा कॅमेरा. तो बसवू नका. आईंनी स्वतः मागितला तर गोष्ट वेगळी. घर त्यांचं आहे. दुपारी पदर सोडून पडायचं, फोनवर बहिणीशी रडायचं, तुमच्याबद्दल तक्रार करायची, हे सगळं त्या हॉलमध्येच करतात. 2025मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने सांगितलं की राहत्या घराच्या आत, तिथे राहणाऱ्या इतरांच्या संमतीशिवाय कॅमेरे चालू ठेवता येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल तसाच ठेवला. तो वाद भावाभावांचा होता, पण आईला न विचारता कॅमेरा लावणं मला त्याहून जड वाटतं. मावशींचंही तसंच. दारावरच्या कॅमेऱ्याची त्यांना कल्पना द्या, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आई पडल्या तर काय, ही तुमची भीती खरी आहे. तिच्यासाठी गळ्यात घालायचं आपत्कालीन बटण घ्या, एक चावी शेजारी ठेवा, आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी फोन करा. पडलेल्या माणसाला कॅमेरा उचलत नाही, आणि तुम्ही दोघं दिवसभर स्क्रीन बघणार नाही.

प्रश्न : कळव्याला सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. दारावर कॅमेऱ्याची बेल लावली. समोरच्या काकू म्हणतात, आमचं दार उघडलं की आतलं दिसतं. माझं दार, माझी बेल, मग हरकत का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : दार तुमचं आहे, पॅसेज सोसायटीचा आणि समोरचा हॉल काकूंचा. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ॲपमध्ये प्रायव्हसी मास्क असेल तर त्यांच्या दारावर काळा चौकोन टाका. नसेल तर बेलखाली तिरकी पाचर बसवा, म्हणजे ती जिन्याकडे वळेल. येणारा माणूस तिथूनच येतो. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद करा. मग काकूंना घरी बोलवून तुमच्या फोनवर चित्र दाखवा, आणि कमिटीला दोन ओळींचं पत्र द्या.