मुलांसोबत तत्त्वज्ञानाच्या चर्चा घ्यायला शिक्षकांना आधी तत्त्वज्ञान शिकवावं लागतं का?

तुम्ही लिहिलंय की शाळेतल्या सात-आठ शिक्षकांना अशा चर्चा घ्यायला तयार करायचंय, पण त्यांच्यातलं कुणीच तत्त्वज्ञान शिकलेलं नाही. मग आधी त्यांना तो विषय शिकवावा का?

सुरुवात तिथून नको. मी काही वर्षं ही प्रशिक्षणं घेते आहे आणि ज्यांनी तत्त्वज्ञान वाचलंय तेच वर्गात जास्त अडखळताना पाहिलेत. मूल काही बोललं की यांना कुणीतरी तत्त्वज्ञ आठवतो, आणि मग तास संपेपर्यंत हेच बोलत राहतात. (मीही त्यातलीच. माझ्या पहिल्या तासाचं रेकॉर्डिंग मी अजून कुणाला ऐकवलेलं नाही.)

शिकवायचं ते ऐकणं. प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कने नोंदवलेलं, थीसियस या ग्रीक कथांतल्या वीराच्या जहाजाचं कोडं तुम्हाला माहीत असेल: कुजलेली एकेक फळी बदलत गेलो आणि शेवटी सगळ्याच बदलल्या, तर जहाज तेच का? चौथीच्या वर्गात एक मुलगी म्हणाली, "नाव तेच आहे, म्हणून जहाज तेच." बाई म्हणाल्या, "अरे वा, छान!" झालं. पुढच्या चौघांनी नावाचीच री ओढली, कारण बाईंना काय आवडतं ते कळलं होतं.

दुसऱ्या वर्गात जवळपास हेच उत्तर आलं. तिथल्या बाईंनी फक्त विचारलं, "आणि नाव बदललं असतं तर?" मुलगी गप्प. बाईही गप्प, आणि हे त्यांना जड जात होतं ते मला मागून दिसत होतं. मग एक मुलगा म्हणाला, "आमच्या मांजराचं नाव आम्ही दोनदा बदललं, मांजर तेच आहे." त्यावर ती मुलगी, "हो, पण मांजराच्या फळ्या कुठे बदलल्या?"

ती शांतता सरावाने जमते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण १ सेकंदच थांबतात. ३ सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि त्यांत कारणं येऊ लागतात. म्हणून मी प्रत्येकाला स्वतःच्या तासातली दहा मिनिटं फोनवर रेकॉर्ड करून शब्दशः लिहून काढायला लावते. स्वतःची किती वाक्यं, त्यांतली शाबासकी किती, खरे प्रश्न किती. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

त्याआधी शिक्षकांनी स्वतः गोलात बसून विद्यार्थी म्हणून दोन-तीन चर्चा कराव्यात. मॅथ्यू लिपमन आणि अ‍ॅन शार्प यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मॉन्टक्लेअर इथे मुलांसोबतच्या तत्त्वज्ञानासाठी संस्था काढली, तिच्या कामाचा गाभाच 'सगळ्यांनी मिळून शोध घेणारा वर्ग' हा होता. ज्याने स्वतः चारचौघांत आपलं मत बदललेलं नाही, त्याला मुलाचं मत बदलतानाचा क्षण ओळखू येत नाही.

उलटी चूकही होते. काही जण इतके मागे सरतात की वर्ग "ज्याचं त्याचं मत" यावर येऊन थांबतो. तिथे "का?" विचारावंच लागतं, आणि इथे मात्र थोडं तत्त्वज्ञान कामी येतं. 'तेच' म्हणजे तीच एक वस्तू की हुबेहूब तशीच दुसरी, हा फरक शिक्षकाच्या कानाला टोचला पाहिजे. म्हणून वाचन तीन-चार महिन्यांनी सुरू करा, वर्गात अडलेल्या प्रश्नांपासून.

मुख्याध्यापकांना मात्र गुण वाढतील असं सांगू नका. इंग्लंडमधल्या ४८ शाळांत अशा चर्चांचा उपयोग तपासणाऱ्या चाचणीत, २०१५ च्या अहवालानुसार, वाचन आणि गणितात थोडी प्रगती दिसली. २०२१ मध्ये आलेल्या त्याहून मोठ्या चाचणीत वाचनावर परिणाम आढळला नाही. मी तरी गुणांसाठी हे करत नाही.

आणि पहिल्या तासाला जहाजच घ्या, मृत्यू नको. तो विषय मुलं स्वतःहून काढतात, पण तोवर शिक्षकाला गप्प बसता आलेलं असावं.