पट १७, एक गुरुजी जाणार, मग वर्गणी काढून बाई ठेवायची का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जूनमध्ये तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष झालात, जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवी, पट १७, दोनपैकी एक गुरुजी अतिरिक्त, म्हणजे पटाच्या मानानं जास्तीचे, ठरून दुसरीकडे जाणार, संयुक्त अनुदान निम्मंच आलंय, बिल थकलं म्हणून वीज तोडलीय, शाळा बंद करून पावणेतीन किलोमीटरवरच्या शाळेत मुलांचं समायोजन करायची कुजबुज सुरू झालीय, आणि गावातली मंडळी म्हणतायत की घरटी पाचशे काढू, आपलीच एखादी शिकलेली पोरगी शिकवायला ठेवू, भांडत कुठं बसायचं.

मी २९ वर्षं जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षक होतो, त्यातली १७ वर्षं अशाच दोनशिक्षकी शाळांवर काढली. म्हणून आधी सरळ सांगतो, वर्गणीतून बाई ठेवायचा विषय आत्ता थांबवा. अनुदान कमी आलं तर गाव त्यातून मार्ग काढू शकतं, मी काढताना पाहिलंय. पण मंजूर पद गेलं की ते परत आणायला वर्षं जातात, आणि तोवर मुलंच राहत नाहीत.

हे मी का म्हणतोय ते सांगतो. माझ्याच एका शाळेत हे झालं, तालुक्याचं नाव घेत नाही. माझे जोडीदार गुरुजी अतिरिक्त ठरून गेले, मी एकटा, पाच इयत्ता, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाईन माहिती, मीटिंगा. गावानं जीव लावून महिना तीन हजारावर एक मुलगी ठेवली, चांगली शिकवायची. मी कौतुकानं वर पत्र लिहून कळवलं की गावानं सोय केली. तिथंच चुकलं. पुढच्या वर्षी पद मागायला गेलो तर म्हणाले तुमच्याकडे तर दोघंजण शिकवतायत की. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गेलं, वर्गणी आटली, फेब्रुवारीत ती मुलगी गेली, तिचा काही दोष नव्हता, तीन महिन्यांचे पैसे राहिले होते तिचे. जूनमध्ये सहा मुलं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्लिश मिडियमला गेली. ते पत्र माझ्या सहीचं होतं, आजही आठवलं की झोप लागत नाही.

आता तुमचं गणित बघा. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचा, शासन निर्णय आहे, त्यात पहिली ते पाचवीच्या शाळेत पट २० पर्यंत असेल तर नियमित शिक्षक एक, आणि दुसऱ्या जागी निवृत्त शिक्षक. त्याविरुद्ध २५ सप्टेंबर २०२४ ला राज्यभर शिक्षक सामूहिक रजेवर गेले होते ते आठवत असेल. दुसऱ्या जागेवर कंत्राटी द्यायचा की निवृत्त द्यायचा, यावर नंतर निर्णय बदलत गेले, म्हणून तुमच्या शाळेला आज कुठला निर्णय लावलाय ते गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी मागा, तोंडी ऐकून परत येऊ नका. आणि त्यांच्यासमोर हेही ठेवा की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असं स्पष्ट लिहिलंय. पाच इयत्ता आणि एक माणूस, तो आजारी पडला की शाळेला कुलूप, हे कुठल्याही अधिकाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही, पण कागदावर यायला पाहिजे.

म्हणजे तुम्ही २१ पासून चार मुलं लांब आहात. पदाचं सगळं या चार मुलांवर आहे.

ही चार मुलं खोटी नकोत हे आधी सांगून ठेवतो. ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी माझ्या पिढीतल्या प्रत्येक शिक्षकाला आठवते, तीन दिवस राज्यभर मोजणी, मुलांच्या बोटांना शाई लावली होती. काही ठिकाणच्या बोगस पटामुळे खऱ्या शाळांकडंही लोक संशयानं बघायला लागले, ते अजून पुसलं गेलेलं नाही. खरी मुलं शोधा, असतात. वस्तीच्या कडेला वीटभट्टी आहे का, मेंढपाळांचा वाडा बसतो का, धरणाच्या कामावर, रस्त्याच्या कामावर बाहेरून कुटुंबं आलीयत का ते बघा. दाखला नाही म्हणून वय झालेल्या पोराला प्रवेश नाकारता येत नाही, वयानुरूप वर्गात बसवायचं असतं, हे पालकांना माहीतच नसतं. मग अंगणवाडी सेविकेकडून सहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांची यादी घ्या आणि घरी जा. एकट्या गुरुजींना पाठवू नका, तुम्ही स्वतः जा, आईचं ऐकून आई निर्णय घेते, गुरुजी आले की लोक नुसतं हो हो म्हणतात.

आणि आत्ता जी १७ आहेत ती तरी सगळी मोजली जातायत का? संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते, आणि ऑनलाईन नोंदीत आधार जुळलेलीच मुलं धरली जातात. नावात एक अक्षर इकडंतिकडं, जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरला एक आणि आधारवर दुसरी, की ते मूल वर्गात रोज बसत असूनही पटावर नाही. गुरुजींना बसवून घ्या, स्क्रीनवर सतराच्या सतरा नावं बघा. जे जुळत नाही त्याच्या आईबापाला घेऊन आधार सेंटरला जायचं भाडं लागलं तर ते खुशाल वर्गणीतून द्या, पाचशे रुपयांचं त्याहून चांगलं काम नाही. आत्ता जुलै चालूय, हातात अडीच महिने आहेत, आणि दुरुस्तीला वेळ लागतो, गणपतीनंतर बघू असं म्हणालात तर राहिलंच.

ऊसतोडीचं वेगळं. ३० सप्टेंबरला मूल असतं आणि दिवाळीनंतर जातं. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी पावसाळ्यातच करायची असते, आजीआजोबांकडं मुलं ठेवून जेवणाची सोय गावातच होते. तरीही जी जातील त्यांना शिक्षण हमी पत्रक द्या म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं आणि परत आल्यावर नाव तुटत नाही.

आता पैशाचं. तुम्ही विचारलंय अनुदान कमी का आलं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून येणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर असतं. सुरुवातीला, २०१८ च्या सुमारास, १७ पटाच्या शाळेला २५ हजार बसायचे. नंतर टप्पे बदलले, ३० पर्यंत पट असला की १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार. म्हणजे तुमच्या शाळेला वर्षाला १० हजार, महिन्याला ८३३ रुपये, त्यातलेही किमान १० टक्के स्वच्छतेवर. खडू, रजिस्टर, झाडू, दुरुस्ती, वीजबिल सगळं त्यात. आणि तेही हप्त्यानं, उशिरा, आर्थिक वर्ष संपत आल्यावर, मग खर्च करायला चार दिवस आणि नाही केला तर खर्चाचं मंजूर लिमिट परत जातं. चार टक्के सादिल म्हणून एक पैसा पूर्वी शाळेला मिळायचा, त्याची तर आमच्याकडं वाटच बघावी लागायची. हे गुरुजींनी खाल्ले नाहीत, एवढं गावाला नीट सांगा, कारण अशा वेळी पहिला संशय गुरुजींवर जातो आणि तिथून शाळा फुटायला सुरुवात होते. जमाखर्च फळ्यावर लिहा.

कपात नुसती या अनुदानातच नाही. २०२३ च्या शेवटी पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, मुलं त्या दिवशी हटकून यायची, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा राज्याचा निधी थांबला, लोकसहभागातून द्या म्हणाले. ज्या वाडीत रोजंदारीवर घरं चालतात तिथं लोकसहभाग कुठून आणायचा हे मला कळत नाही. मला याचा मनापासून राग येतो.

तरी वाटा आहेत. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो, पंधराव्या आयोगात त्यातला ६० टक्के बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. लोक म्हणतात बंधित आहे, शाळेला देता येत नाही. अहो, शाळेचं शौचालय, हात धुवायचे नळ, पिण्याच्या पाण्याची टाकी हे पाणी आणि स्वच्छताच आहे! फक्त ते गावाच्या विकास आराखड्यात यायला पाहिजे, आणि आराखड्याचं काम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतं, तिथं तुमच्या दहा बायका उठून बोलल्या पाहिजेत. संरक्षक भिंत, शोषखड्डा रोजगार हमीतून होतात. थकलेलं वीजबिल ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून मागा, पण दर महिन्याचं बिल हाच कायमचा त्रास आहे, म्हणून वर्गणी काढायचीच असेल तर ती एकदाच काढून छोटं सोलर बसवा. गावातली किती माणसं मुंबईला माथाडीत, वाशी मार्केटला, पुण्याला कंपनीत आहेत त्यांना यात्रेला गाठा. यात्रेच्या दिवशी पोरांचं वाचन ठेवा मंदिरासमोर, मी हे तीन गावांत केलंय, माणसं हळवी होऊन खिशात हात घालतात. पैसे न घेता वस्तू घ्या, पावती द्या, देणाऱ्याचं नाव भिंतीवर लिहा. वर्गणी वस्तूसाठी आणि एकदाच होणाऱ्या कामासाठी चालते, दर महिन्याच्या पगारासाठी चालत नाही.

आता समायोजन, ज्याची तुम्हाला सगळ्यात जास्त भीती आहे. ही भीती खोटी नाही. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून जवळच्या शाळांत मिसळायचं ठरलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचे, म्हणजे छोट्या शाळा मिळून एक मोठी करायचे, प्रस्ताव मागवले, तोरणमाळ आणि पानशेतच्या तशा शाळांचा दाखला देऊन, त्या वेळी वीसच्या आतल्या पटाच्या १४,७८३ शाळा आणि त्यात १ लाख ८५ हजारांवर मुलं असल्याचं सांगितलं जात होतं. या शाळा लहान का आहेत? कारण आपणच त्या लहान काढल्या. २००१ च्या आसपास वस्तीशाळा सुरू झाल्या त्या पोरांना लांब चालायला लागू नये म्हणून, निमशिक्षकांनी महिना हजार रुपयांवर चालवल्या, २००८ ला त्यांच्या प्राथमिक शाळा झाल्या. वस्तीला जेवढी घरं तेवढा पट. त्या शाळेला आता पट कमी म्हणून नावं ठेवणं हे मला पटत नाही.

तुमच्या हातात कायदेशीर मुद्दा अंतराचा आहे. राज्याच्या नियमात पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असं आहे. कोणी म्हणेल त्याच नियमात वीस मुलांची अट आहे, तर ती नवीन शाळा काढायच्या संदर्भातली आहे, चालू शाळा बंद करायला ती पुरेशी नाही असं माझं मत, आणि तेच लिहून द्या. पावणेतीन किलोमीटर म्हणतायत ते कुठल्या रस्त्यानं मोजलं? नकाशावर सरळ रेघ मारली की अंतर कमी दिसतं. एखाद्या पहिलीतल्या पोराचं दप्तर पाठीवर घेऊन तुम्ही स्वतः चालत जा, मोबाईलवर अंतर आणि वेळ नोंदवा, ओढ्याचा फोटो आत्ता पावसात काढा, उन्हाळ्यात तो ओढा कोणाला दिसणार नाही. साताऱ्यात जावळीतल्या खिरखिंडीच्या मुली कोयनेच्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जात होत्या, २०२२ च्या जानेवारीत हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. इगतपुरीच्या दरेवाडीची पोरं शेळ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर गेली, शाळा नाही तर शेळ्या तरी राखतो म्हणून. तुमची वेळ तिथवर येऊ नये, म्हणून पुरावा आत्ताच जमवा. आणि प्रवासभत्त्याचं आश्वासन देतील, वर्षाला सहा हजारांपर्यंत मिळतो तो, पण तो नंतर खात्यावर येतो, रोज सकाळी सहा वर्षांच्या मुलीला ओढ्यापलीकडं कोण सोडणार हे त्यात कुठंच नसतं. ते लेखी विचारा.

कोणीतरी तुम्हाला पुणे जिल्ह्यातल्या खेडच्या जालिंदरनगरची शाळा दाखवेल, तीन मुलांवर आलेली शाळा लोकांनी आणि शिक्षकांनी कुठल्या कुठं नेली. जरूर बघून या, मलाही तिचा अभिमान आहे. पण तसं झालं नाही म्हणून तुमच्या शाळेनं मरावं असा त्याचा अर्थ कोणी काढला तर ऐकून घेऊ नका. साधी शाळा, दोन शिक्षक, वाचता येणारी मुलं, एवढं मागायचा पूर्ण हक्क आहे तुम्हाला.

या शनिवारी समितीची सभा लावा. समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, त्यामुळं ठराव तुमच्या हातात आहे. मजकूर मी देतो, तुमच्या शब्दांत बदलून घ्या:

"आमच्या शाळेत पाच इयत्ता व १७ विद्यार्थी असून आणखी मुलांचा शोध सुरू आहे. ३० सप्टेंबरचा पट निश्चित होईपर्यंत कार्यरत शिक्षकास कार्यमुक्त करू नये. पर्यायी शिक्षक प्रत्यक्ष हजर झाल्याशिवाय कार्यमुक्ती होऊ नये. शेजारच्या शाळेचे चालत अंतर सोबत जोडले असून मध्ये ओढा आहे, त्यामुळे समायोजनास पालकांची संमती नाही. गाव शाळेसाठी श्रमदान व वस्तू देण्यास तयार आहे, शिक्षकाचे मानधन देण्यास तयार नाही, कारण ती शासनाची जबाबदारी आहे."

शेवटचं वाक्य कोणी काढायला सांगितलं तरी काढू नका. सगळ्या पालकांच्या सह्या घ्या, अंगठे चालतात. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक शिक्षणाधिकारी प्राथमिकला, एक जिल्हा परिषदेच्या सीईओंना, एक ग्रामसेवकांकडं, आणि प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा. शिक्का दिला नाही तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. आधारमध्ये किती मुलं अडकलीयत ते बघून इथंच कळवा, दुरुस्तीचे कुठले कागद लागतात ते मी सांगतो.