फराळ बिघडतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न, स्वयंपाकघरातली उत्तरं

दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या पत्रांत कृती विचारणारी पत्रं थोडी असतात. "सगळं कृतीप्रमाणे केलं, तरी असं का झालं?" हेच जास्त जण विचारतात. या वेळी घेतलेल्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकाच जागी आहे: पदार्थात पाणी किती राहिलं आणि ते आचेवर कधी बाहेर पडलं. खाली वाटी म्हटलंय ती घरातली कोणतीही चालेल, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच घ्या. मोठा चमचा 15 मिलीचा, छोटा 5 मिलीचा.

चकली काढली तेव्हा कुरकुरीत होती, दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ पडली. भाजणी घरचीच आहे: 4 वाट्या तांदूळ, 2 वाट्या हरभरा डाळ, 1 वाटी उडीद डाळ, धणे-जिरे. एका वाटी भाजणीला दीड वाटी पाणी घेते. (सांगली)

भाजणीचं प्रमाण उत्तम आहे, त्याला हात लावू नका. दीड वाटी पाणी मात्र फार झालं. एका वाटी भाजणीला पाऊण ते एक वाटी पाणी पुरतं. भाजणी जितकी खमंग भाजलेली आणि कोरडी, तितकं ती पाणी जास्त पिते, म्हणून मोजून ठेवलेल्या पाण्यातलं थोडं बाजूला ठेवून सुरुवात करावी.

जास्तीचं पाणी काय करतं ते पाहा. चकली तेलात पडताच वरचा थर लवकर कडक होतो आणि रंग धरतो. रंग आला म्हणून आपण ती काढतो, पण आतल्या भागात अजून ओल असते. डब्यात ती ओल हळूहळू बाहेरच्या थरात उतरते आणि सगळी चकली मऊ पडते. म्हणून चकली झाली की नाही हे रंगावरून ठरवू नका, बुडबुड्यांवरून ठरवा. ते जवळजवळ थांबले आणि तेलाचा चरचराट बसला की झाऱ्यावर घ्यायची.

भिजवण्याची पद्धत अशी ठेवा. पाणी उकळायला ठेवून त्यात मीठ, तिखट, हळद, हिंग, ओवा, तीळ घाला आणि दर वाटी भाजणीला एक मोठा चमचा तेल. उकळी आली की गॅस बंद करून भाजणी घाला, उलथन्याच्या दांड्याने ढवळा आणि 15-20 मिनिटं झाकून ठेवा. मग लागेल तेवढं घेऊन पाण्याचा हात लावत कोमट असतानाच चांगलं मळा. सगळं पीठ एकदम मळून ठेवलं तर शेवटच्या चकल्यांपर्यंत ते सैल तरी होतं, नाहीतर वाळतं.

तळताना पिठाचा छोटा गोळा टाकून तो लगेच वर येतो का पाहा. आला की चार-पाच चकल्या सोडा, आच मध्यम करा आणि पहिलं मिनिटभर झारा लावू नका.

बाकी खोडींची कारणं वेगळी असतात. चकली तेलात विरघळत असेल तर मोहन जास्त झालं किंवा भाजणी फार भाजली गेली. पिठात चमचा-दोन चमचे तांदळाची पिठी मळा. पाडताना तुकडे पडत असतील तर पीठ कोरडं आहे. काटा येत नसेल तर ते सैल आहे. दाताला कडक लागत असेल तर मोहन कमी पडलं.

मऊ पडलेल्या चकल्या फेकू नका. ओव्हन 150 अंशांवर तापवून ट्रेमध्ये एकाच थरात 8-10 मिनिटं ठेवा, पूर्ण गार करा, मग डब्यात भरा. मायक्रोवेव्हमध्ये मात्र ठेवू नका. त्यात आतली ओल वरच्या थरात येते आणि चकली चिवट होते.

अनारसे तुपात हसतात, म्हणजे पसरून विरतात. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, गूळ वाटीला वाटी घेतला. घातलेलं पीठ आता वाचवता येईल का? (कऱ्हाड)

येईल. पण आधी कारण समजून घ्या, कारण अनारशात सुधारणा थोडीच करायची असते आणि जास्त झाली की दुसरीकडून बिघडतं.

अनारसा तुपात पडला की गूळ वितळतो. त्याला धरून ठेवायला तांदळाची पिठी पुरेशी नसेल, तर अनारसा पसरतो आणि विरतो. वाटीला वाटी गूळ काही घरांत चालतो, पण त्यासाठी जुना, कोरडा तांदूळ आणि कडक गूळ लागतो. चिकीचा किंवा ओलसर गूळ असेल तर एका वाटी पिठीला पाऊण वाटी चिरलेला गूळ हेच सुरक्षित प्रमाण.

दुसरी जागा म्हणजे तांदूळ वाळवणं. तीन दिवसांनी तांदूळ उपसून सावलीत कापडावर पसरायचे ते पूर्ण वाळवायला नव्हे. हाताला दमट लागतील पण तळव्याला चिकटणार नाहीत, अशा वेळी ते दळायचे. पिठी बारीक चाळणीने चाळून मुठीत दाबली तर मूठ वळली पाहिजे. पूर्ण कोरड्या पिठीत गूळ मुरत नाही, आणि फार ओली राहिली तर चार दिवसांत पीठ पातळ होतं. मागे 2023 मध्ये अधिक श्रावण आला होता. जावयाच्या वाणासाठी 33 अनारसे करायचे आणि बाहेर पावसाची झड, त्यामुळे अनेक घरांत पीठ सैल झालं ते याच कारणाने. अशा हवेत पंख्याखाली जास्त वेळ द्यावा लागतो.

पिठी आणि गूळ एकत्र करताना वाटीमागे एक छोटा चमचा तूप घाला. दूध किंवा पाणी मुळीच घालू नका. गोळा त्या दिवशी कोरडा वाटतो, पण चार-पाच दिवसांत गूळ सुटून तो आपोआप मऊ होतो.

आता तुमच्या पिठाचं. एका वाटी पिठाला एक मोठा चमचा तांदळाची पिठी मळा, तासभर झाकून ठेवा आणि एकच अनारसा तळून पाहा. अजून हसला तर आणखी अर्धा चमचा घाला. पिठी तशीच भिजवून केलेली असली तर उत्तम. पुढच्या वेळी गूळ घालण्याआधी मूठभर पिठी बाजूला काढून फ्रीजरमध्ये ठेवाच. उलट अनारसा कडक होत असेल आणि जाळी पडत नसेल, तर पिकलेल्या केळ्याची एक चकती किंवा दुधाचे चार-सहा थेंब मळून घ्या.

तळणीकडेही लक्ष द्या. तूप थंड असलं तर चांगल्या पिठाचाही अनारसा पसरतो. फार तापलं तर बाहेरून लाल होतो आणि जाळी मिटते. लहान कढई, मध्यमपेक्षा कमी आच आणि एका वेळी एकच अनारसा. खसखस लावलेली बाजू वर ठेवून सोडा, उलटू नका, झाऱ्याने तूप वर उडवत राहा. खसखस खाली गेली की जळते, तुपात सुटते आणि पुढचे सगळे अनारसे काळवंडतात. तळलेले अनारसे चाळणीत उभे लावा, तूप निथळतं.

बेसनाचा लाडू टाळूला चिकटतो आणि ताटात ठेवला की बसतो. (ठाणे)

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. टाळूला चिकटतो कारण बेसन कच्चं राहिलं, किंवा पाकिटातलं फार बारीक होतं. बसतो कारण तूप जास्त झालं, किंवा साखर गरम बेसनात पडली.

हरभऱ्याची डाळ किंचित भाजून गिरणीतून रवाळ दळून आणा. 4 वाट्या बेसनाला दीड ते पावणेदोन वाट्या पातळ तूप आणि अडीच वाट्या पिठीसाखर. सगळं तूप एकदम ओतू नका. एक वाटी तुपात मंद आचेवर सुरू करा. पहिली 15 मिनिटं बेसन कोरडं आणि गोळ्यागोळ्यांचं वाटतं, आणि तिथेच बहुतेक जण घाबरून तूप वाढवतात. थांबा. बेसन भाजलं की ते स्वतःच सैल होतं, उलथनं हलकं चालतं, कडेने तूप दिसू लागतं. उरलेलं तूप लागेल तसंच घाला. एवढ्या बेसनाला 30-35 मिनिटं लागतातच, त्यात घाई चालत नाही.

रंग बदामी झाला की दोन मोठे चमचे दुधाचा हबका मारा. बेसन फसफसतं, कण फुलतात आणि लाडू रवाळ होतो. फेस पूर्ण बसेपर्यंत दोन-तीन मिनिटं परतत राहा, नाहीतर दुधाची ओल मागे राहून लाडू लवकर खवट होतो. लगेच परातीत काढा. गॅस बंद केला तरी गरम कढईत तळचं बेसन करपत असतं. साखर बोटाला सोसेल इतकं कोमट झाल्यावरच घालायची.

मिश्रण सैल झालंच तर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मळून वळा. तरीही बसत असेल तर पाव वाटी डाळ्याचं पीठ मिसळा. डाळं आधीच भाजलेलं असतं, त्यामुळे कच्ची चव येत नाही. कच्चं राहिलेलं बेसन मात्र साखर पडल्यावर पुन्हा भाजता येत नाही, साखर वितळून करपते. त्यापेक्षा निम्मं नवीन बेसन नीट भाजून त्यात एकजीव करा.

छोटा ओव्हन घेतला आहे. नानकटाई पसरून चपटी होते, वर भेगा पडत नाहीत. तुपाऐवजी बटर चालेल का? (पुणे)

बटर नको. त्यात साधारण 16 टक्के पाणी असतं आणि मैद्याला पाणी लागलं की चिवटपणा येतो. तुपात पाणी जवळजवळ नसतं, म्हणून तर नानकटाई तोंडात विरते.

मैदा 120 ग्रॅम, बेसन 40, बारीक रवा 20, पिठीसाखर 90, थिजलेलं तूप 100 ग्रॅम, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ, वेलची-जायफळ. ही सगळी मापं वजनकाट्यावरच घ्या, कारण वाटीत मैदा दाबून भरला की सैल भरला यावर प्रमाण बरंच बदलतं. तूप आणि साखर हलकी पांढरट होईपर्यंत फेटा. कोरडं साहित्य चाळून हलक्या हाताने गोळा करा, मळू नका. आवळ्याएवढे गोळे करून किंचित दाबा.

पसरण्याचं नेहमीचं कारण तूप वितळणं. ऑक्टोबरच्या उकाड्यात फेटतानाच तूप पातळ होतं. गोळे ट्रेसकट 20 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. ओव्हन 165 अंशांवर किमान 15 मिनिटं आधी तापलेला हवा, वरखालच्या दोन्ही सळ्या चालू आणि ट्रे मधल्या कप्प्यात. 16 ते 20 मिनिटं लागतील. वरचा थर थोडा सुकल्यावर आतून फुगवटा आला की भेग पडते. त्यामुळे ओव्हन थंड असेल किंवा पीठ सैल असेल तर भेग येतच नाही. बाहेर काढताना नानकटाई मऊच लागते, ती गार झाल्यावर घट्ट होते. ती मऊ आहे म्हणून आणखी भाजू नका. छोट्या ओव्हनची बटणं अनेकदा 15-20 अंशांनी चुकतात, तेव्हा आत ठेवायचा साधा तापमापक घ्याच.

ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून, वर जाळी आणि झाकण ठेवून 10 मिनिटं तापवा आणि मंद आचेवर भाजा. खालून करपू नये म्हणून ताटलीखाली आणखी एक ताटली घाला. प्रेशर कुकर मात्र कोरडा तापवू नये, तो त्यासाठी बनवलेला नाही. गावातल्या बेकरीत साहित्य देऊन भाजून आणण्याची सोय अजून असेल तर ती जरूर वापरा. भट्टीचा सगळीकडून सारखा येणारा शेक घरी मिळत नाही.

इथे नोव्हेंबरात ऊन नाही. पातळ पोह्यांचा चिवडा आक्रसतो आणि चामट होतो. (टोरांटो)

उन्हाचं काम ओव्हन करेल. पोहे चाळून दोन मोठ्या ट्रेमध्ये पातळ पसरा, 110 अंशांवर (230 फॅरनहाइट) 12-15 मिनिटं ठेवा, मध्ये एकदा हलवा. चिमटीत चुरा झाला की पुरे. आक्रसतात ते जोराच्या आचेमुळे, किंवा कडकडीत फोडणी थेट ओतल्यामुळे.

अर्धा किलो पोह्यांना 120 मिली तेल घ्या. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि डाळं आधी तळून काढा. मग मिरच्या आणि कढीलिंब पूर्ण कडक होईपर्यंत तळा. चिवडा चामट होण्यामागे बहुतेक वेळा अर्धवट तळलेल्या मिरच्याच असतात. गॅस बंद करून हळद, हिंग, मीठ घाला, दोन मिनिटं थांबा, मग पोहे. पिठीसाखर चिवडा गार झाल्यावर.

करंज्यांवर फोड येतात. (लातूर)

तेल फार तापलेलं असतं. मध्यम आचेवर तळा आणि पारी भिजवल्यावर अर्धा तास झाकून ठेवून कुटा किंवा नीट मळा.

एकाच तेलात सगळा फराळ तळला तर चालतं का? क्रम काय ठेवावा? (नागपूर)

फिकट आणि गोड पदार्थ आधी: शंकरपाळे, करंज्या, चिरोटे. मग शेव आणि शेवटी चकली, कारण तिचे तीळ आणि तिखट तेलात उतरतं. प्रत्येक पदार्थानंतर तेल गार करून फडक्यातून गाळा, तळचा गाळ टाकून द्या. एका मोठ्या कढईत भरपूर तेल घेण्यापेक्षा लहान कढईत थोडं घेऊन ताजं भर घालत जाणं चांगलं.

व्यावसायिक तळणीसाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून टोटल पोलर कंपाउंड्सची (तेल पुन्हा पुन्हा तापल्याने त्यात तयार होणाऱ्या घटकांची) मर्यादा 25 टक्के ठेवली आहे. घरी ते मोजता येत नाही, म्हणून खुणा पाहा. तेल दाट आणि गडद झालं, पदार्थ टाकताच खूप फेस धरू लागलं किंवा आधीपेक्षा लवकर धूर सोडू लागलं, की ते संपलं. उरलेलं चांगलं तेल गाळून, झाकून ठेवा आणि आठवड्याभरात फोडणीला संपवा. मोरीत ओतू नका, नळी तुंबते.

शंकरपाळे तळण्याऐवजी भाजता येतील का? चकलीचं काय? (नाशिक)

शंकरपाळे येतील. 1 वाटी दूध, 1 वाटी साखर, 1 वाटी तूप गरम करून साखर विरघळवा. कोमट झाल्यावर मावेल तेवढा मैदा घाला, साधारण साडेचार ते पाच वाट्या. जाडसर लाटून कापा आणि 170 अंशांवर 18-22 मिनिटं भाजा, मध्ये एकदा उलटा. चव बिस्किटाकडे झुकते, पण खुसखुशीत होतात. चकली भाजू नका. तळताना आतल्या पाण्याची जागा तेल घेतं आणि त्यानेच तिला खुसखुशीतपणा येतो. ओव्हनमध्ये पाणी जातं पण तेल येत नाही, त्यामुळे ती दगडासारखी होते. तेल कमीच खायचं असेल तर चकल्या थोड्या करा, पण नीट तळा.